क्रीटचा पाचवा दिवस

"त्याले सरळ इचारा मॅडम," सिंधूताई म्हणाल्या, "माह्या माणसाले तू एकटं काऊन सोडलं?"

टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमध्ये यानिस दिसत होता. क्रीट बेटावरचा वाटाड्या. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, डोक्यावर टोपी. सिंधूताई त्याच्यासमोर ताठ बसल्या होत्या. पुष्पांजली मॅडमनं खुर्ची टेबलाच्या कडेला घेतली होती. "तुमचं बोलणं आहे, वहिनी. मी फक्त इंग्रजीतलं मराठीत सांगायला," असं म्हणून.

पाच महिने सिंधूताई आतून जळत होत्या. इंद्रभान वानखडे जळगाव जामोदच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. दर रविवारी सातपुड्यात पायी हिंडायचे. रिटायर व्हायच्या आधी त्यांनी ही सहल ठरवली. सात दिवस बेटावरचे डोंगर चालायचे, वाटेत जुने राजवाडे, थडगी, पडकी देवळं पाहायची. सिंधूताईंचे गुडघे गेलेले, त्या घरीच राहिल्या. पाचव्या दिवशी दरीतून वर चढताना इंद्रभानांच्या छातीत कळ आली, आणि ते पेटीतून परत आले. सहल कंपनीच्या कागदावर एकच ओळ होती, गटाच्या मागे राहिले असताना मृत्यू.

मागे राहिले! बारा माणसांच्या गटात एका माणसावर नजर ठेवता येत नाही, तर हा वाटाड्या कशाचा?

कॉलेजात इंग्रजी बोलणाऱ्या पुष्पांजली मॅडमच. वाटाड्याशी बोलणं करून द्या म्हटलं, की त्यांनी दोनदा परीक्षेचं कारण सांगितलं, एकदा घसा बसल्याचं. आज सहल कंपनीकडून त्याचा नंबर घेऊन सिंधूताई न कळवताच त्यांच्या दारात उभ्या राहिल्या होत्या.

मॅडमनं सुरुवातीला बरंच काही सांगितलं. त्यातला 'सिस्टर' तेवढा सिंधूताईंना कळला. आपल्याला बहीण म्हटलं, म्हणून त्या रागातही त्यांना बरं वाटलं. मॅडम तशा मायाळूच. आईच्या आजारपणामुळे नागपूरला अडकल्या होत्या म्हणून मातीला येता आलं नाही, तर नंतर घरी येऊन केवढ्या रडल्या होत्या.

"पहिल्यापासून सांग म्हणा. रोजचं."

यानिस बोलू लागला. मॅडम सांगू लागल्या. पहिल्या दिवशी राजवाड्याचे अवशेष पाहिले. इंद्रभान सरांनी तिथल्या रांजणांना हात लावून पाहिला आणि पहारेकऱ्याची बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी डोंगरात पाऊस लागला, तेव्हा एका मेंढपाळाच्या दगडी खोपटात बसले. सरांनी संत्रं सोललं, साली खिशात ठेवल्या, कचरा नको म्हणून.

यानिस दोन वाक्यं बोलायचा, मॅडम दहा सांगायच्या. इंग्रजी भाषाच तशी आटोपशीर असेल, सिंधूताईंना वाटलं.

मग यानिसनं काहीतरी विचारलं. त्यात 'वाइफ' होतं.

"काय म्हणते?"

"तुमची विचारपूस करतोय. कशा आहात म्हणून."

"माह्या माणसाचा जीव घेऊन माही इचारपूस करून राह्यला? त्याले शरम हाय का?" सिंधूताईंनी टेबलावर हात आपटला. तांब्यातलं पाणी हिंदकळलं. "पाचव्या दिवसाचं इचारा!"

मॅडमनं विचारलं. यानिस या खेपेला बराच वेळ बोलला. बोलता बोलता त्यानं आपला एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरून दाखवला. त्याचे डोळे भरून आले.

मॅडम टेबलावरचं पाणी हातानं पुसू लागल्या.

"सांगा ना!"

"तो म्हणतो... तो पुढे निघून गेला होता. सर मागे एकटेच होते. चूक झाली म्हणतो."

एवढं ऐकायलाच सिंधूताई आल्या होत्या.

"हेच लिहा कागदावर. इंग्रजीत. मी सही करतो. याचं लायसन गेलं पाह्यजे. यानं पुन्हा कोनाले डोंगरावर नेलं नाई पाह्यजे."

"वहिनी, लेकरंबाळं असतील त्याला."

"अन् माह्या लेकराईचा बाप?"

मॅडमनं पेन उचललं. खाली मान घालून त्या लिहू लागल्या. पानभर लिहून त्यांनी कागद पुढे सरकवला, कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं.

सिंधूताईंनी पेन टेकवलं आणि पडद्याकडे पाहिलं. यानिस हात छातीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होता. डोळे ओले, चेहरा शांत. त्यांना ते सहन झालं नाही.

"चूक कबूल करते अन् असा पाहून राह्यला! याले धाकच नाई. तुमी कडेनं बोलता म्हणून, मॅडम. याच्या डोयात डोये घालून सांगा, का तुही रोजीरोटी गेली म्हणून."

"नको वहिनी, राहू द्या."

"काऊन राहू द्या?"

"वहिनी, नका!"

पण सिंधूताईंनी मोबाइल उचललाच, आणि मॅडमच्या तोंडासमोर धरला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात आता एकट्या पुष्पांजली मॅडम होत्या.

यानिस पुढे झुकला. त्यानं टोपी काढली, छातीशी धरली.

"मिसेस वानखडे," तो मॅडमच्या डोळ्यांत पाहत म्हणाला.