शब्द सांग

येलहंकातल्या घरी जेवताना तनय आईला आपलं काम समजावत होता. "गुप्त केलेला डेटा आमच्या चिपमध्ये फार वेगानं येतो. म्हणून त्याचे तुकडे आठ सर्किटं एकाच वेळी तपासतात. शेवटी तयार झालेला शिक्का डेटासोबत आलेल्या शिक्क्याशी जुळला नाही, तर सगळं फेकून द्यायचं."

"आणि आतला मजकूर खरा असला तर?" हेमलताबाईंनी विचारलं.

"तरी फेकायचं. तूही तेच कर. हल्ली कुणाचाही नकली आवाज काढून फसवतात. अनोळखी नंबरवरून माझा फोन आला, तर आवाजावर मुळीच जाऊ नकोस. आपला शब्द विचार. तुझ्या कॉफीतलं जायफळ. तो सांगता आला नाही, तर फोन ठेवून दे."

"सरी, ठीक आहे, इंजिनिअरसाहेब," त्या हसून म्हणाल्या.

महिन्याभरानं एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आई..."

"शब्द सांग."

"आई, मी... आई..."

त्यांनी फोन ठेवला. तो पुन्हा वाजला, तेव्हा पुन्हा ठेवला.

तेराव्याला एक रिक्षावाला घरी आला. अपघातानंतर तनयला त्यानंच रिक्षात घालून हॉस्पिटलकडे नेलं होतं. दाराशीच उभं राहून तो म्हणाला, "अक्का, वाटेत माझ्याच फोनवरून तो तुमच्याशी बोलत होता. तुम्ही आवाज ओळखला नाही?"

"ओळखला होता, अण्णा," हेमलताबाई म्हणाल्या. "पहिल्या 'आई'लाच."