परतीचा सत्कार

हारांखाली हेडलाइट दिसेनासा झाला, तरी हार घालणारे काही थांबेनात. विट्यात व्याह्यांच्या दारात बुलेट उभी होती. तिच्यावर निवृत्त सुभेदार लालासाहेब बसले होते. डोक्याला फेटा होता आणि फेट्यावर हेल्मेट बसेना, म्हणून हेल्मेट हातात. ते मोटरसायकलवरून अख्खा भारत फिरायला निघाले होते. निघाले होते म्हणजे पलूसहून विट्यापर्यंत आले होते आणि निरोपाचा सत्कार घेऊन जेवायला पुन्हा पलूसला जाणार होते.

महिनाभर हेच चाललं होतं. कऱ्हाडचा सत्कार घेतला म्हणून कोरेगावचे पाहुणे रुसले. कोरेगावला गेले, तर म्हसवडची बहीण बोलेनाशी झाली. भारत होता तिथंच राहिला आणि बुलेटची सातारा-सांगलीला प्रदक्षिणा झाली. घरात शालींना कपाट पुरेना. नारळ इतके साठले की चहा सोडला तर सगळ्यात खोबरं पडू लागलं.

मूळ बेत साधा होता. पलटणीत असताना लालासाहेबांनी देशाची चारी टोकं पाहिली. तेवढी वर्षं लीलाबाईंनी पलूसचा ऊस पाहिला. पेन्शनवर आले त्या दिवशी लालासाहेब बायकोला म्हणाले होते, "तुला मागं बसवून समदं दावतो." लीलाबाईंनी लगेच पंजाबी ड्रेस शिवायला टाकला होता.

मग बेत हंबीररावांच्या कानावर गेला. ते यंदा जिल्हा परिषदेला उभे राहणार होते आणि त्यांना फ्लेक्सवर शेजारी उभा करायला कुणीतरी धाडसी माणूस हवा होता.

"वैनी मागं बसल्या की देवाला निघाल्यागत दिसतंय, सुभेदार," ते म्हणाले. "एकटा गडी कसा वाघ वाटतो."

फ्लेक्सवर खरोखरच एक वाघ आला, एक बर्फाचा डोंगर आला आणि दोघांच्या मधे लालासाहेब आले. बुलेटची मागची सीट काढून तिथं पत्र्याची पेटी बसवली गेली. सीमेवर कधी मागं न हटलेले लालासाहेब "बघू की" एवढंच म्हणाले. लीलाबाईंनी शिवलेला ड्रेस घडी करून ठेवला आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. चार शब्द सुनावले असते तर लालासाहेबांना बरं वाटलं असतं.

विट्याहून परतले तेव्हा हंबीरराव सोप्यात बसलेच होते.

"जातानाचं हे काय न्हवंच, सुभेदार. तुमी परत आलासा की असला सत्कार घालतो! मोठा मंडप, मुंबईचे पाहुणे."

लीलाबाईंनी चहाचा कप पुढं केला. "व्हय, पर भावजी, तवर आचारसंहिता लागंल न्हवं?"

हंबीररावांची बशी ओठाशी थांबली. आचारसंहिता म्हणजे ना फ्लेक्स, ना मंडप, ना पाहुणे. त्यांनी बशी खाली ठेवली.

"मग सत्कार आधी उरकू," ते म्हणाले.

"कशाचा?" लालासाहेबांनी विचारलं.

"परत आल्याचा."

"आरं पर मी गेलोच न्हाई!"

"जाणार हाय न्हवं? मग परत बी येणारच की. का येणार न्हाई?"

याचं उत्तर अशुभ होतं.

सत्कार दणक्यात झाला. मंडपावर नवा फ्लेक्स लागला, 'भारतभ्रमण यशस्वीरीत्या पूर्ण करून मायभूमीत परतल्याबद्दल.' वाघ तोच होता. बायकांनी औक्षण केलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. एकानं बुलेटच्या टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बघा, घासलं सुदीक न्हाई. किती जपून चालीवली असंल!" मुंबईच्या पाहुण्यांनी काश्मीरबद्दल विचारलं. लालासाहेबांनी पोस्टिंगच्या वेळचं काश्मीर सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. टाळ्या मात्र अशा पडल्या की त्यांना स्वतःलाच प्रवासाचा शीण जाणवू लागला.

दुसऱ्या दिवशी आचारसंहिता लागली. मंडप उतरला, चौकातल्या फ्लेक्सवर पालिकेनं कागद चिकटवला. त्या कागदाखालून वाघाची शेपटी तेवढी बाहेर राहिली.

लालासाहेब सकाळी कट्ट्यावर बसून होते. परत आलेला माणूस आता कुठं जाणार? सामान बांधून रस्त्यात दिसला तर गावाची अब्रू जायची. लोक भेटायला येत आणि विचारत, "दमला असशीला, न्हाई?" तेही "व्हय" म्हणत.

"संपलं, लीला," ते आत बघून म्हणाले. "आता कंच्या तोंडानं निघायचं?"

मागच्या अंगणातून लोखंड आपटल्याचा आवाज आला. ते गेले तर पत्र्याची पेटी जमिनीवर पडली होती, बुलेटला मागची सीट लागली होती आणि लीलाबाई हातातला पाना पुसत होत्या. अंगात पंजाबी ड्रेस होता.

"उठा. आता हार घालाय कोण येत न्हाई."

चौकात फ्लेक्सखाली हंबीरराव उभे होते. बुलेट, तिच्यावर बांधलेलं सामान आणि मागं बसलेल्या वैनी बघून त्यांचा चेहरा उतरला. ते रस्त्यात आडवे झाले.

"सुभेदार! कालच आलासा न्हवं? आता कुठं?"

लालासाहेबांच्या खांद्यामागून लीलाबाईंनी मान बाहेर काढली.

"आवं भावजी, ह्यांचा बघून झालाय की भारत. तुमीच तर सत्कार केलासा. आता मला दावाय निघाल्यात."