ताजं पाणी

बेडूक पुन्हा पाण्याबाहेर आला. पारुबाईनं आत्ताच बशी भरली होती, तीही नळाच्या पहिल्या धारेनं. पण हा पठ्ठ्या बसला न बसला तोच बरणीच्या काचेवर चढला आणि वर जाळीला जाऊन चिकटला. कातडी पापडासारखी कोरडी. डोळे आत गेलेले. पोटाखाली लाल चट्टे होते, ते काल नव्हते.

"अरे बस की मेल्या, तुझ्यासाठीच भरलं," पारुबाई म्हणाली. साठी उलटल्यावर बेडकाच्या विनवण्या कराव्या लागतील असं तिला कधी वाटलं नव्हतं.

बेडूक नातीचा, कोमलचा. गेल्या पावसाळ्यात न्हाणीच्या भिंतीवर सापडलेला झाडावरचा बेडूक. जिथं तिथं चिकटतो म्हणून नाव चिकट्या. तेव्हापासून त्याची बरणी ओसरीत दाराशीच असायची. कोमल नऊ वर्षांची, पण बेडकाच्या बाबतीत घराची मास्तरीण. तो तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीनं पितो, म्हणून त्याला पाण्यात बसावं लागतं, हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र घरात कायदा चालायचा तो पारुबाईचा. सकाळी नळ आला की आदल्या दिवसाचं सगळं पाणी मोरीत. शिळं पाणी ती कुत्र्यालासुद्धा घालत नसे. बेडकाला लावलेले हात प्यायच्या घागरीला लावायचे नाहीत. त्याच्यासाठी पिपातलं घ्यायचं. पिपात दिवसभर साबणाचे हात बुडायचे, ते वेगळं. आणि शेवटचा कायदा असा, की शाळेची बाटली संध्याकाळी रिकामी होऊनच घरी आली पाहिजे. कोमलची बाटली रोज रिकामी यायची. पारुबाई ती उलटी करून बघायची आणि खुंटीला अडकवायची.

म्हणून तर सोमवारी कोमल पोट धरून वाकडी झाली आणि वसमतचे डॉक्टर "मुतखडा आहे, पोरगी पुरेसं पाणी पीत नाही" म्हणाले, तेव्हा पारुबाईला ते फार झोंबलं.

"काहून पीत न्हाई? बाटली रिकामी करूनच येते लेकरू. मी रोज बघते," ती म्हणाली. डॉक्टरांनी वाद घातला नाही. नांदेडची चिठ्ठी लिहून दिली.

मुलगा विश्वंभर आणि सून पोरीला घेऊन तिथूनच नांदेडला गेले. कळांनी कोमलला धड बोलता येत नव्हतं. जीपमध्ये बसताना तिनं एवढंच सांगितलं, "आज्जे, चिकट्याचं पाणी बघ."

त्या दिवशी पारुबाईनं स्वतःचा कायदा मोडला. पिपातलं कशाला, लेकराचा जीव आहे त्याच्यात, म्हणून तिनं त्याला चांगल्यातलं चांगलं पाणी द्यायला सुरुवात केली. नळ आला की पहिली धार बेडकाची, मग घागर. शेजारच्या वाडीत कावीळ निघाल्यापासून गावच्या टाकीत जंतू मारायची पावडर सढळ हातानं पडत होती. पाण्याला उग्र वास यायचा. पारुबाईला तो वास स्वच्छतेचा वाटे. नळ चालू असेपर्यंत ती तीन-तीनदा बशी बदलायची आणि तीनही वेळा बेडूक उठून काचेवर जायचा.

तिला काही सुचेना. माणूस असता तर पाठीवरून हात फिरवला असता, ढोर असतं तर ढोराचा डॉक्टर बोलावला असता. बेडकाला कुणाकडं न्यायचं? शेजारच्या खतीजाबीनं बरणीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "थोडी हल्दी लगा के देखो ना, पारुबाई." घरोघर हळद शिजवायचे दिवस होते, दुसरा उपाय कुणाला सुचणार? पारुबाईनं चिमूटभर लावली. बेडूक आणखीच आक्रसला. तिनं घाबरून ती धुऊन काढली, पुन्हा ताज्याच पाण्यानं.

रोज संध्याकाळी नांदेडहून फोन यायचा. विश्वंभर सलाईनचं सांगायचा, खडा अजून पडला नाही म्हणायचा. मग कोमलचा दमलेला आवाज. "चिकट्या पाण्यात बसतो का?"

"बसतो बाई."

पाच दिवस पारुबाई खोटं बोलली. सहाव्या दिवशी बेडूक जाळीवरून खाली पडला आणि पडला तिथंच राहिला. गळ्याखालची कातडी तेवढी हलत होती. विश्वंभरनं फोनवर सांगितलं, उद्या ऑपरेशन आहे, पोरीशी दोन शब्द बोल. आता मात्र तिच्या तोंडून खोटं निघेना.

"कोमे, तो वाळून राहिला गं. पाण्यात थांबतच न्हाई. मी काय करू?"

"कोणतं पाणी घालून राहिलीस?"

"ताजं. नळाचं, पहिल्या धारेचं."

"नळाचं ताजं नको आज्जे. पावडरीनं त्याची आग होते. पहिल्यांदा मी बी तसंच केलतं. सकाळी भरलेलं संध्याकाळी घालायचं, वास गेल्यावर."

पारुबाईनं घागरीकडं पाहिलं. "पण घागरीला तर मी तुला हात लावू देत न्हाई. मग सकाळचं पाणी तू कुठून आणायचीस?"

मग कोमलचा आवाज बारीक झाला, जवळ बसलेल्या आईला ऐकू जाऊ नये इतका.

"बाटलीतलं. अर्धी मी पिते, अर्धी घरात यायच्या आधी त्याच्या बशीत ओतते. तूच म्हणतीस ना, बाटली रिकामी आली पायजे."