उरलेल्या गोळ्या

डॉक्टरीणबाईंनी माझ्या सुजून टम्म झालेल्या पोटरीवर बोट दाबलं. "पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या कधीपासून घेताय?"

"लग्न झाल्यापासून. दर गौरीला, दर सत्यनारायणाला."

"पायात रक्ताची गुठळी झालीय. छातीत गेली असती तर संपला असतात. यापुढे एकही गोळी नाही."

त्या गेल्या आणि सासूबाईंनी पुरणपोळीचा डबा उघडला. "तू काळजी करू नकोस. काल गौरी तुझ्या लेकीनंच घरात आणल्या. तिचीही तारीख जवळ आलीय, म्हणून तुझ्या उरलेल्या गोळ्या तिला सुरू केल्यात."

माझी लेक चौदा वर्षांची आहे.

मी त्यांच्यासमोरच तिला फोन लावला. "गोळ्या संडासात टाक. पाळी आली तर येऊ दे. आणि आली की खुशाल गौरीला हात लाव."

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "अगं, देवी कोपेल!"

मी पांघरूण सारून पाय पुढे केला. "सोळा वर्षं तिची मर्जी सांभाळली, तर हे झालं. आता कोपून आणखी काय करणार?"