लिफ्टच्या दारावरचा दिनविशेष

सिल्वासाच्या टोकरखाडा भागातल्या आमच्या सोसायटीत दिनविशेषाचा फळा लिफ्टच्या दारावर टांगलेला आहे. दार उघडत नाही, त्यामुळे फळा हलत नाही. सेक्रेटरी हेमंतराव रोज सकाळी अंघोळ आटोपून त्यावर लिहितात. ते तळमजल्यावर राहतात, मी चौथ्या मजल्यावर, दुखऱ्या गुडघ्यांसकट. आज फळ्यावर होतं, '२ ऑगस्ट १९५४: सिल्वासा पोर्तुगीजांच्या तावडीतून मुक्त.' मी भाजीची पिशवी बाजूला ठेवली आणि त्याखाली खडूने लिहिलं, 'गेल्या वर्षी याच दिवशी आपली लिफ्ट बंद पडली.' मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला जमलेले लोक फोटो काढायला लागले. हेमंतराव डस्टर घेऊन धावत आले. "नीलिमाताई, हा फळा इतिहासाचा आहे!" "इतिहास म्हणजे काय हो?" "जे घडून गेलं आणि आता कुणालाही बदलता येत नाही, ते." मी खडू त्यांच्या हातात ठेवून जिन्याकडे वळले. "मग बरोबर जागी लिहिलंय."