बारा नंबरचा पाना

"बाबा, हा बॅटरीचा दिवा काही विझत नाही," सून गाडीत बसूनच म्हणाली.

सामान डिकीत चढलं होतं, पाण्याची बाटली शेजारच्या सीटवर होती, आणि इंजिन सुरू होऊनही समोरचा लाल दिवा तसाच पेटलेला होता. बाबांनी पायरीवरून पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या. अडीचशे किलोमीटर जायचं होतं. उद्या सकाळी नऊला तिला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. कंपनीने तारीख आधीच दोनदा पुढे ढकलून दिली होती, तिसऱ्यांदा देणार नव्हती.

गाडी त्यांच्या मुलाची. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात भांडण नाही की हसू नाही. तिघं वेळेवर जेवत होती, वेळेवर झोपत होती. पोरीने इथे आणखी कुजायचं नाही, हे बाबांनी मनाशी पक्कं केलं होतं. नोकरीचा अर्ज त्यांनीच तिच्या मागे लागून भरायला लावला. आपण दोघांनी तिच्या गळ्यातलं लोढणं व्हायचं नाही, असं त्यांनी आईंना, म्हणजे आपल्या बायकोला, बजावलं होतं. आईंनी नुसती मान हलवली होती. स्वतःला काय वाटतंय हे मात्र बाबांनी तपासलं नव्हतं. त्याची त्यांना भीती वाटत होती.

"इंजिन बंद कर," ते म्हणाले आणि बॉनेट उघडून व्होल्टमीटरच्या दोन्ही तारा बॅटरीला टेकवल्या. ती उतरून शेजारी आली. "किती दिसतंय?"

"बारा पूर्णांक पाच."

"म्हणजे?"

"बॅटरी ठणठणीत. इंजिन चालू केल्यावर चौदा दिसायला हवेत."

बाबांची तीस वर्षं बस डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून गेली होती. सुनेला हे सगळं त्यांनीच शिकवलं. दोन वर्षांत ती दोघं मोकळेपणी बोलली असतील, तर ती एवढ्या एकाच विषयावर.

इंजिन चालू केलं. आकडा चढण्याऐवजी उतरला. बारा पूर्णांक दोन.

"डायनामो बॅटरी भरत नाहीये," सून म्हणाली. "गॅरेज तर आज बंद. राहू दे ना, बाबा. नसेल नशिबात."

"नशीब बॉनेटखाली नसतं. इंजिन बंद कर आणि टॉर्च धर."

तारा शाबूत होत्या, टर्मिनल घट्ट होते. मग बाबांनी डायनामो फिरवणारा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. तो अर्धा इंच आत जायला हवा होता, चांगला दोन इंच गेला.

"हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. अशीच निघाली असतीस तर वाटेत इंजिन भाजून निघालं असतं."

"दिवा पेटलेला असताना मी निघालेच नसते."

बाबांचा हात जागच्या जागी थांबला. पट्ट्याचा ताण धरणारा बोल्ट तीन फेरे सैल होता. बाकी सगळं धुळीने माखलेलं, आणि त्या एका बोल्टच्या कडा ताज्या घासल्यासारख्या चमकत होत्या. गेल्या रविवारी तो त्यांनीच आवळला होता, आणि त्यांनी आवळलेला बोल्ट आपणहून सैल होत नसे. हत्यारांची पेटी उघडली, तर त्या बोल्टला लागणारा बारा नंबरचा पाना चौदाच्या खणात.

वस्तू भलत्या जागी ठेवणारं माणूस या घरात एकच होतं. चष्मा फ्रिजमध्ये आणि किल्ल्या साखरेच्या डब्यात ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आई तिथेच उभ्या होत्या. नजरानजर होताच त्या बाजूला झाल्या.

बाबांना राग आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच मनात काहीतरी धड उमटलं, आणि तो नेमका राग.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. सैल झालाय. होतं असं." सुनेसमोर सासूची शोभा नको, म्हणून त्यांनी विषय तिथेच मिटवला. डायनामोच्या मागे लाकडी दांडा घातला. "हा रेटून धर. मी आवळतो."

दोनदा दांडा तिच्या हातून सुटला.

"जोर लाव की पोरी! जेवली नाहीस का?"

तिसऱ्यांदा तिने धरला. बाबांनी बोल्ट आवळला. इंजिन चालू करताच लाल दिवा विझला. मीटर म्हणाला, चौदा पूर्णांक एक.

आई पायरीवर आल्या. "झाली दुरुस्त?"

"झाली," बाबा त्यांच्याकडे रोखून बघत म्हणाले.

"तुम्ही मनावर घेतलंत, मग होणारच." आईंचा आवाज कोरडा ठाक होता.

सून हात पुसत उभी राहिली. पुसून झाले तरी पुसतच होती.

"निघू मी?"

"निघ. उजेड आहे तोवर पोच."

"निघू ना, आई?"

"बाबा म्हणतायत ना. निघ."

गाडी गल्लीच्या टोकाला वळली. आवाजही गेला. बाबा फाटक लावून आले आणि हत्यारं गोळा करता करता, वर न बघताच म्हणाले, "तिला अडवून काय मिळणार होतं तुला?"

"मी अडवलं?"

"बोल्ट सैल कुणी केला मग?"

आई मग पायरीवर बसल्या.

"पहाटे गाडीपाशी खुडबूड ऐकली मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बरं झालं, शेवटी राहवलं नाही यांना, पोरीला थांबवतायत. अहो, मला वाटलं, तुम्हीच आहात."