पट्ट्याचे बूट

“गर्दीत वहाणा सुटतात, बूटच घाला. आणि महाराष्ट्र झाला की माझ्या वाटणीचीही रोषणाई बघून या,” जाईबाईंनी शेवटच्या दुखण्यात नवऱ्याला बजावलं होतं. आज अख्खी चाळ रोषणाईला निघाली.

गिरणीत हात गेल्यापासून गेटवर पहारा करणारे भिवाजी बूट घालत होते. नाडीच्या जागी त्यांनी पट्टा शिवला होता. कडीतून ओढून आकड्यात अडकवला की बूट एका हाताने घट्ट बसे.

“डोकं छान लढवलंत, भावजी. कधी केलंत हे?” शेजारच्या राधाबाईंनी विचारलं.

“झाली तीन-चार वर्षं. ट्रंकेत होते.”

“आणि जाईकडून रोज नाड्या बांधून घेत होतात?”

“एरवी तिला माझ्यापाशी बसायला सवड कुठे होती, वैनी?” म्हणत भिवाजी एकटेच जिना उतरू लागले.